दोन कानांत मावणारे अवकाश

१/ पॅरिस, १८८१. विद्युत प्रदर्शनासाठी क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक मांडले. दोन कानांना दोन स्वतंत्र श्रवणयंत्रे लावलेल्या श्रोत्यांना गायक मंचावर कोणत्या बाजूस सरकला, हे न पाहताच कळू लागले.

२/ उजवीकडचा ध्वनी डाव्या कानी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अवधीने उशिरा आणि किंचित क्षीण पोचतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन खुणांची मीमांसा केली. पुढचे-मागचे, वरचे-खालचे ओळखण्यास मात्र बाह्यकर्णाच्या वळ्या साहाय्य करतात.

३/ १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात नासाच्या एम्स केंद्रातील संशोधनातून हे गणित तत्क्षणी करणारे ‘कॉन्व्हॉल्व्होट्रॉन’ यंत्र घडले. तीच विद्या पुढे ऑरियल कंपनीच्या ‘ए३डी’द्वारे संगणकीय खेळांत आली.

४/ प्रतिस्पर्धी होते क्रिएटिव्हचे ‘ईएएक्स’. १९९८ची ‘ए३डी’ आवृत्ती खेळातील भिंतींवरून होणारी परावर्तने मोजत असे. ‘ईएएक्स’ जागेच्या प्रकारानुसार घुमारा मिसळत असे. त्याच वर्षी क्रिएटिव्हने पेटंटचा दावा लावला. १९९९ मध्ये ऑरियल जिंकली, परंतु खटल्याच्या खर्चाने खचून तिचे दिवाळे निघाले. २००० मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली.

५/ आज विंडोज सॉनिक, डॉल्बी ॲटमॉस, डीटीएस हेडफोन:एक्स यांची तुलना होते. परंतु अशा प्रणाली बहुधा सर्वसाधारण कानाच्या मापांवर बेतलेल्या असतात, आणि प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी. म्हणूनच एकाला जिवंत भासणारा ध्वनी दुसऱ्याला डोक्यातच कोंडल्यासारखा वाटतो.