रोखलेले बोट: युद्धकाळातील भित्तिपत्रके आणि त्यांच्या वाचनाचे शिक्षण

युद्धकाळातील भित्तिपत्रक, म्हणजे सरकारने किंवा सरकारच्या संमतीने चालणाऱ्या संस्थेने सार्वजनिक भिंतीवर लावलेला मोठा, बहुधा रंगीत छापील कागद, हे मुळात एक मागणीपत्र असते. त्यावरील चित्र कितीही आवेशपूर्ण असले, तरी ते लावणाऱ्याला त्या घडीला कशाची तरी टंचाई भासत असते. ती माणसांची असेल, पैशाची असेल, धातूची वा धान्याची असेल, आणि ती टंचाई कोणती हे कळले की चित्रातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. निरनिराळ्या देशांची अशी पत्रके शेजारी शेजारी मांडून ती विद्यार्थ्यांकडून वाचून घेण्याची पद्धत आज अनेक देशांतील इतिहासाच्या वर्गांत रुळली आहे. त्या पद्धतीलाही स्वतःचा इतिहास आहे, आणि तो पाहिल्यास असे दिसते की चित्रातील युक्त्या ओळखण्याचे शिक्षण लवकर सुरू झाले, पण चित्रामागची मागणी ओळखण्याचे शिक्षण मागाहून आले.

अशा पत्रकांसाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला ‘प्रोपगंडा’ हा शब्द १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी रोममध्ये स्थापन केलेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून आला. मुंबई आणि गोव्यातील कॅथलिक समाजाला हा शब्द महायुद्धांच्या कितीतरी आधीपासून परिचित होता, कारण पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील ‘पाद्रोआदो’ ही धर्मव्यवस्था आणि रोमच्या थेट अधिकारातील ‘प्रोपगंडा’ यांच्यात मुंबईतील चर्चवरील हक्कांसाठी दीर्घकाळ वाद चालला, आणि दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो हे गोमंतकीय धर्मगुरू १६३७ मध्ये या रोमन मंडळाच्याच पाठबळावर बिशपपदी पोहोचले होते. त्या वापरात असत्याची छटा नव्हती. ती पहिल्या महायुद्धानंतर पक्की झाली. मराठीत ‘प्रचार’ आणि ‘अपप्रचार’ असे दोन शब्द उपलब्ध आहेत, आणि वर्गात पहिलाच शब्द वापरणे अधिक योग्य ठरते, कारण ‘अपप्रचार’ म्हटले की तपासणीपूर्वीच निकाल दिल्यासारखे होते.

भित्तिपत्रकाचे तंत्र युद्धासाठी जन्मलेले नव्हते. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढून त्याचे ठसे घेण्याची शिळाछापाची पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भूमीत शोधली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये ज्यूल शेरे याने तिच्या साह्याने नाटकगृहांच्या आणि मालाच्या जाहिराती भिंतीभिंतींवर रंगवल्या. महाराष्ट्रात ज्या छपाईतून रविवर्मा यांच्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे १८९४ पासून घरोघरी गेली, ती याच कुळातली होती. त्यामुळे १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा चित्रकार, छापखाने आणि भिंतीकडे पाहण्याची सवय लागलेला शहरी वाचक, असे तिन्ही घटक सरकारांच्या हाताशी तयार होते.

या सरकारांच्या गरजा मात्र सारख्या नव्हत्या. फ्रान्स आणि जर्मनी येथे सक्तीची लष्करी सेवा युद्धापूर्वीपासून होती, म्हणून तेथे सैनिक मिळवण्यासाठी भिंतीवरून विनवण्या करण्याचे फारसे कारण नव्हते. ब्रिटनमध्ये मात्र जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा होईपर्यंत सारी भिस्त स्वयंसेवकांवर होती. ब्रिटिश पत्रके माणसे मागतात आणि फ्रेंच-जर्मन पत्रके प्रामुख्याने पैसे मागतात, याचे स्पष्टीकरण राष्ट्रीय स्वभावात शोधण्याचा मोह अनेक अभ्यासकांना झाला, पण ते या कायद्यांच्या फरकात अधिक सरळपणे सापडते. ब्रिटनच्या संसदीय भरती समितीने १९१५ मध्ये काढलेल्या, सॅव्हिल लम्ली याने रेखाटलेल्या पत्रकात युद्धानंतरचे सुखवस्तू घर दिसते. मांडीवरची मुलगी वडिलांना महायुद्धात तुम्ही काय केलेत असे विचारते, मुलगा जमिनीवर खेळण्यातले सैनिक मांडतो, आणि वडील मुलीकडे न पाहता चित्राबाहेर, पाहणाऱ्याकडे पाहतात. ज्या पुरुषाला घरी राहण्याचा कायदेशीर हक्क होता, त्याला ही भविष्यातील लाज दाखवावी लागली. ज्या देशात तो हक्कच नव्हता तेथे अशा चित्राची गरज पडली नसती.

फ्रान्समध्ये आबेल फेव्र याने १९१५ मध्ये काढलेल्या पत्रकात सोन्याच्या नाण्यावरील कोंबडा, म्हणजे फ्रान्सचे बोधचिन्ह, नाण्यातून बाहेर झेपावून जर्मन सैनिकाला नामोहरम करतो, कारण तेव्हा नागरिकांनी घरातील सोने सरकारजमा करावे अशी मागणी होती. त्याच चित्रकाराच्या १९१६ मधील राष्ट्रीय संरक्षण कर्जाच्या पत्रकात धावत पुढे जाणारा सैनिक हात उंचावून साथीदारांना हाक देतो. ही मुद्रा पॅरिसच्या विजयकमानीवरील फ्रान्स्वा रूद याच्या प्रसिद्ध शिल्पाची आठवण करून देते, आणि हे साम्य ओळखणाऱ्या वाचकाला कर्जरोखे घेणे ही फ्रेंच क्रांतीच्या परंपरेतील कृती वाटू लागते. जर्मनीत १९१७ मध्ये फ्रिट्झ एर्लर याने सहाव्या युद्धकर्जासाठी पोलादी शिरस्त्राणातील सैनिक काढला, ज्याच्या भोवती काटेरी तार आहे आणि ज्याचे डोळे दूर कोठेतरी लागलेले आहेत. तो कोणाकडे बोट दाखवत नाही. वर्गात या चित्रासमोर थोडा अधिक वेळ थांबणे फलदायी ठरते, कारण शत्रू, जल्लोष आणि विजय यांपैकी काहीही न दाखवता केवळ थकव्याच्या बळावर पैसे मागणारे हे पत्रक युद्धाच्या तिसऱ्या वर्षातील जर्मनीबद्दल पुष्कळ सांगून जाते.

बोट रोखण्याची मुद्रा या सर्व पत्रकांत सर्वाधिक प्रसिद्ध झाली. ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाच्या ५ सप्टेंबर १९१४ च्या मुखपृष्ठावर आल्फ्रेड लीट याने ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांचा चेहरा आणि वाचकावर रोखलेले बोट काढले. अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅग याने तीच मुद्रा १९१६ मध्ये एका साप्ताहिकासाठी आणि १९१७ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकासाठी ‘अंकल सॅम’ या काल्पनिक राष्ट्रपुरुषाला दिली, आणि युद्ध संपेपर्यंत त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती निघाल्या. इटलीत १९१७ मध्ये आकिले लुचानो माउझान याने तीच मुद्रा साध्या सैनिकाला देऊन एका बँकेमार्फत युद्धकर्ज मागितले, आणि १९२० मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, रशियातील दिमित्री मोर याने काळ्या-लाल रंगांत, मागे कारखान्यांची धुराडी ठेवून, लाल सैन्यातील जवानाकडून नाव नोंदवले का असा प्रश्न विचारवला. बोट तेच असले तरी बोट रोखणारा बदलत जातो: प्रथम प्रत्यक्ष सेनानी, मग दंतकथेतील वृद्ध, मग खंदकातला शिपाई आणि शेवटी श्रमिक वर्गाचा प्रतिनिधी. त्या त्या राज्याला कोणाच्या तोंडून आज्ञा दिल्यास लोक ऐकतील असे वाटत होते, हे या बदलातून वाचता येते, आणि चार पत्रके एकत्र पाहण्याचे खरे प्रयोजनही हेच आहे.

या मालिकेत हिंदुस्थानचा समावेश केल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. जे किचनेर लंडनच्या नागरिकाला देशाच्या नावाने हाक देताना दिसतात, ते १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते, आणि पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक सैनिक व कामगार परदेशी पाठवले गेले. तरीही हिंदुस्थानात काढलेल्या एका भरतीपत्रकात गणवेश, पैसे आणि बंदूक दाखवून ती कोण घेणार असा प्रश्न विचारला आहे, आणि जो सैन्यात दाखल होईल तो, असे त्याचे उत्तर दिले आहे. स्वतःचे राज्य नसलेल्या प्रजेला देशाच्या हाकेऐवजी पगार आणि मान देऊ करावा लागतो, ही गोष्ट वसाहतीचे सरकार स्वतःच त्या कागदावर लिहून ठेवते. शिवाय १९११ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे ६ टक्के होती, त्यामुळे असे पत्रक वाचण्यापेक्षा पाहिले आणि ऐकले जाणार हे उघड होते. प्रत्यक्ष भरतीचा भार गावोगाव फिरणारे भरती अधिकारी, वजनदार जमीनदार आणि निवृत्त सैनिक यांच्यावरच राहिला.

शत्रूचे चित्र काढणाऱ्या पत्रकांची कथा वेगळी आणि अधिक दुःखद आहे. अमेरिकेत १९१७ मध्ये हॅरी हॉप्स याने जर्मन सैन्याला शिरस्त्राण घातलेल्या पिसाळलेल्या गोरिलाचे रूप दिले, ज्याच्या एका हातात ‘कुल्टूर’, म्हणजे जर्मन संस्कृती, असे लिहिलेला रक्ताळलेला सोटा आहे आणि दुसऱ्या हातात विवस्त्र होऊ घातलेली स्त्री आहे. त्याच वर्षी जर्मन लोक मृत सैनिकांच्या देहांपासून चरबी काढतात अशी बातमी ब्रिटिश वृत्तपत्रांत पसरली, आणि ती खोटी असल्याचे १९२५ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रकारांतराने मान्य केले. पुढे अमेरिकेतील हॅरॉल्ड लासवेल यांनी १९२७ मध्ये आणि ब्रिटिश खासदार आर्थर पॉन्सनबी यांनी १९२८ मध्ये युद्धकालीन प्रचारावर ग्रंथ लिहिले, आणि सुशिक्षित वर्गात असा समज दृढ झाला की शत्रूच्या अत्याचारांची प्रत्येक कथा रचलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी नाझी प्रचारकांनी हॉप्सचे तेच चित्र, पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या राष्ट्राची अशी बदनामी झाली होती, असे सांगत जर्मन जनतेसमोर पुन्हा मांडले.

याच अविश्वासाच्या वातावरणात प्रचाराचे विश्लेषण हा शिक्षणाचा विषय बनला. बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन यांच्या देणगीतून ऑक्टोबर १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रचार विश्लेषण संस्था स्थापन झाली, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील क्लाइड मिलर यांनी तिचे काम पुढे नेले. संस्थेच्या मासिक पत्रिकेने पुढच्याच महिन्यात प्रचाराच्या सात युक्त्या प्रसिद्ध केल्या: विरोधकाला वाईट नाव चिकटवणे, झगमगते पण पोकळ शब्द वापरणे, आदराच्या वस्तूचे पावित्र्य आपल्या बाजूला ओढून घेणे, मान्यवरांची साक्ष काढणे, आपण सामान्यांपैकीच आहोत असे भासवणे, सोयीचे तेवढेच पुरावे पुढे करणे आणि सारेच निघाले आहेत तेव्हा तुम्हीही चला असे सुचवणे. ही यादी शिक्षकांना फार सोयीची वाटली, कारण ती लक्षात ठेवता येते, फळ्यावर लिहिता येते आणि तिच्यावर गुणही देता येतात. फेव्रचा धावता सैनिक हे तिसऱ्या युक्तीचे आणि हॉप्सचा गोरिला हे पहिल्या युक्तीचे उदाहरण म्हणून तिच्यात चपखल बसतात.

या यादीची मर्यादा त्याच काळात तिच्या टीकाकारांनी दाखवली, आणि ती टीका रास्त होती. युक्ती ओळखल्याने विधान खरे की खोटे हे ठरत नाही, कारण सत्य सांगणाराही याच युक्त्या वापरतो. आणि सर्व बाजूंना एकाच मापाने मोजणारा विद्यार्थी चिकित्सक होण्याऐवजी सरसकट अविश्वासू होण्याचा धोका असतो. बेल्जियमचे उदाहरण येथे निर्णायक आहे. गोरिला ही विटंबना होती, मृतदेहांच्या कारखान्याची कथा खोटी होती, पण जॉन हॉर्न आणि अ‍ॅलन क्रेमर या इतिहासकारांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार १९१४ मध्ये युद्धाच्या पहिल्या महिन्यांत जर्मन सैन्याने बेल्जियम आणि फ्रान्समध्ये सुमारे ६,५०० नागरिक प्रत्यक्षात ठार केले होते. केवळ चित्राची युक्ती शिकलेला विद्यार्थी या मृतांनाही चित्राबरोबर खोटे ठरवून मोकळा होतो. संस्थेचे काम अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर, १९४२ च्या प्रारंभी थांबले. देश युद्धात असताना त्याच देशाच्या प्रचाराचे विश्लेषण चालू ठेवणे तिला शक्य झाले नाही.

युद्धोत्तर काळात या शिक्षणाचा पाया दोन ठिकाणी अधिक खोल घातला गेला. पश्चिम जर्मनीत १९७६ मध्ये बॉइटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाच्या अभ्यासकांच्या परिषदेतून जी तत्त्वे पुढे आली, त्यांतील पहिले असे की शिक्षकाने विद्यार्थ्यावर आपले मत लादून त्याची स्वतंत्र निर्णयशक्ती झाकोळू नये, आणि दुसरे असे की समाजात जो प्रश्न वादग्रस्त आहे तो वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावा. अमेरिकेत सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये काही इतिहासकारांना आणि शालेय विद्यार्थ्यांना तीच जुनी साधने वाचायला देऊन त्यांच्या वाचनरीतींची तुलना केली, तेव्हा इतिहासकार मजकुरात शिरण्यापूर्वी तो कोणी आणि केव्हा लिहिला हे पाहतात आणि विद्यार्थी बहुधा थेट मजकुरापासून सुरुवात करतात, असे दिसून आले. भित्तिपत्रकाच्या बाबतीत याचा अर्थ असा की नजर प्रथम चेहऱ्याकडे न जाता कागदाच्या तळाशी गेली पाहिजे, जेथे ब्रिटिश समितीच्या पत्रकांवर प्रकाशकाचे नाव, पत्रकाचा क्रमांक आणि छापखान्याचा पत्ता बारीक अक्षरांत दिलेला असतो. लीटच्या किचनेरचे मूळ तेथे शोधल्यास ते सरकारी समितीकडे न जाता एका खासगी साप्ताहिकाकडे जाते, आणि त्या काळच्या रस्त्यांच्या छायाचित्रांत हे पत्रक क्वचितच आढळते. त्याची आजची कीर्ती पुष्कळशी नंतरची आहे.

प्रसिद्धी आणि परिणाम यांतील हे अंतर दुसऱ्या महायुद्धाच्या पत्रकांत आणखी रुंद होते. बाही सरसावून दंड दाखवणाऱ्या कामगार स्त्रीचे जे. हॉवर्ड मिलर यांचे अमेरिकन पत्रक आज स्त्रीमुक्तीचे प्रतीक मानले जाते, परंतु ते वेस्टिंगहाउस कंपनीने आपल्याच कारखान्यांच्या आत, फेब्रुवारी १९४३ मध्ये, जेमतेम दोन आठवड्यांसाठी लावले होते, आणि बाहेरच्या जगाला ते १९८० च्या दशकात नव्याने सापडले. शांत राहून काम चालू ठेवा असे सांगणारे, राजमुकुटाखाली केवळ अक्षरे असलेले ब्रिटिश पत्रक तर १९३९ मध्ये सुमारे २४.५ लाख प्रतींत छापूनही जवळजवळ कोठेच लागले नाही, कारण ते भीषण बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांसाठी राखून ठेवले होते. त्याची एक प्रत २००० साली अ‍ॅनिक येथील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली आणि त्यानंतर ते कपांपासून सदऱ्यांपर्यंत सर्वत्र झळकू लागले. गोदामात पडून राहिलेला मूळ साठा त्यापूर्वीच, १९४० मध्ये, कागदाची टंचाई भासू लागल्यावर लगद्यासाठी गेला होता.