‘स्मॅक माय बिच अप’ : कापलेल्या वाक्याची जबाबदारी

एखाद्या गाण्यावर आक्षेप आला की बचाव बहुधा एकच असतो : संदर्भ पाहा. ‘द प्रॉडिजी’ या ब्रिटिश गटाच्या ‘स्मॅक माय बिच अप’ या गाण्याबाबत हा बचाव नीट तपासला पाहिजे. कारण मूळ संदर्भ ज्या तंत्राने कापून टाकला, त्याच तंत्रावर हे गाणे उभे आहे.

गाणे नोव्हेंबर १९९७मध्ये एकेरी ध्वनिमुद्रिका म्हणून आले आणि ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ज्या ‘द फॅट ऑफ द लँड’ या संग्रहाची सुरुवात त्याने होते, तो त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे अव्वल ठरला होता. शीर्षकाचा सरळ अर्थ बाईला मारण्याचा आहे आणि बाईसाठी त्यात शिवी आहे.

हे शब्द गटातल्या कोणी लिहिलेले नाहीत. रचनाकार लियम हाउलेट याने ते न्यूयॉर्कच्या ‘अल्ट्रामॅग्नेटिक एमसीज’ या रॅप गटाच्या १९८८मधील ‘गिव्ह द ड्रमर सम’ या गाण्यातून उचलले. आवाज त्या गटातल्या कूल कीथचा. मूळ गाण्यात एक बढाईखोर रॅपर प्रतिस्पर्ध्यांना सुनावत असतो, त्या ओघात हे शब्द येतात. ऐकणाऱ्याला बोलणारा समोर दिसतो, त्याची फुशारकी फुशारकी म्हणून कळते. सँपलर या ध्वनीचे तुकडे साठवून पुन्हापुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात तो तुकडा कापून घेतला की बोलणारा गळून पडतो. उरतात दोन त्रोटक ओळी, सतत फिरणाऱ्या.

इथे संगीतपक्षाचा युक्तिवाद येतो : शब्द आता शब्द राहिलेच नाहीत, तबल्याच्या बोलांसारखे ते आघात झाले आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. तुटक व्यंजने ड्रमच्या फटक्यांत अशी बसवली आहेत की आवाज आणि वाद्य वेगळे काढता येत नाहीत. पण आघातच हवा असेल तर कोणतेही शब्द चालले असते. हेच शब्द ठेवले, आणि शीर्षकही त्यांचेच केले, याचा अर्थ त्यांच्या अर्थातला धक्काही हवा होता. या वाक्प्रयोगाचा आशय कोणतीही गोष्ट बेभान जोशात करण्याचा आहे, असे हाउलेट सांगत असे. तो आशय ऐकणाऱ्याला कळावा अशी एकही खूण गाण्यात नाही.

दुसरा आवाज मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि वादात त्याची दखल फारच कमी घेतली गेली. गाण्याच्या मध्यावर ड्रम थांबतात आणि दक्षिण आशियाई वंशाची ब्रिटिश गायिका शाहीन बदर हिचा शब्दहीन आलाप सुरू होतो. त्याचा आधार शीला चंद्रा या भारतीय वंशाच्या ब्रिटिश गायिकेच्या ‘नाना’ या रचनेचा. आपल्या कानाला ओळखीची वाटणारी ती लांब स्वरओढ ताण इतका वाढवते की ठेका परतताना गाणे दुप्पट जोराचे भासते. रचनेतला सर्वांत सुंदर क्षण हाच. पण पाहा : ज्या गाण्यात पुरुषाच्या आवाजाला शब्द आहेत, तिथे बाईच्या आवाजाला एकही नाही. हे हेतुपुरस्सर नसेल. तरीही कानावर पडते ते हेच.

दिग्दर्शक योनास ओकरलुंडने केलेला या गाण्याचा व्हिडिओ हा वादाचा तिसरा थर. कॅमेरा म्हणजे मुख्य पात्राचे डोळे : रात्रभर दारू, अमली पदार्थ, मारामारी, बायकांच्या अंगाशी झोंबणे. शेवटी आरशात दिसते ती बाई. एमटीव्हीने तो मध्यरात्रीनंतरच दाखवला आणि १९९८मध्ये त्याला दोन पुरस्कारही दिले. असा हिंसक माणूस पुरुषच असणार, हे आपले गृहीतक ती कलाटणी नेमके पकडते. मात्र ती फक्त मारणाऱ्याबद्दल बोलते. आक्षेप मार खाणाऱ्या बाईबद्दल होता, आणि पडद्यावर धक्के खाणाऱ्यांत बायका आहेतच.

अमेरिकेत ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ने निषेध केला, वॉलमार्ट आणि केमार्ट यांनी अख्खा संग्रह दुकानांतून काढला. महिनोन् महिने विकलेला माल गवगवा होताच हलवणे हा व्यापारी सावधपणा होता, स्त्रियांविषयीची कळकळ नव्हे. खरा प्रश्न १९९८च्या रेडिंग संगीत महोत्सवात ‘बीस्टी बॉइज’ या अमेरिकन रॅप गटाने विचारला : हे गाणे वाजवू नका, अशी त्यांनी विनंती केली. त्यांच्या स्वतःच्या १९८६च्या संग्रहात स्त्रियांविषयी हीन शब्द होते, म्हणून त्यांना ढोंगी ठरवले गेले. मला उलट वाटते. आपले जुने शब्द ज्याला खुपू लागले, त्याला असा प्रश्न विचारण्याचा अधिकार अधिकच आहे.

प्रॉडिजीने गाणे वाजवले. आम्हाला हवे ते आम्ही वाजवतो, अशा आशयाचे उत्तर मंचावरून गटाचा गायक मॅक्सिम याने दिले. ते स्वातंत्र्य त्यांना होतेच. पण नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश नृत्यसंगीतात इतकी घट्ट रचना क्वचितच सापडेल हे मान्य करूनही म्हणावे लागते : कूल कीथच्या तोंडून काढून घेतलेल्या वाक्याला नवा बोलणारा हाउलेटच होता, आणि संदर्भाचा आसरा त्याला घेता येत नाही.