नादारी: कायदा अजून १९२०चाच

पेढी बुडाली की व्यापारी भरदिवसा दिवा लावायचा, त्यावरून ‘दिवाळं’ शब्द आला म्हणतात. २०१६ला दिवाळखोरीचा नवा कायदा आला खरा, पण व्यक्तींपैकी तो लागू झाला फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना, तेही डिसेंबर २०१९पासून. आपल्या गावच्या दुकानदाराला आजही इंग्रजांचा १९२०चाच कायदा. अर्जासाठी कर्ज किमान किती हवं? ५०० रुपये!

लोक फसतात ते वेगळीकडेच. आधी घर बायकोच्या नावे बक्षीसपत्र करतात, मग कोर्टात जातात. अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं असं बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकतं. आणि नादार जाहीर झालो म्हणजे सुटलो, असंही नाही. कर्जमुक्तीसाठी कोर्टानं दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज लागतो. तो राहिला तर नादारीचा हुकूमच रद्द होतो, आणि देणेकरी पुन्हा दारात.