आगळ ते सरकती काच : घर राखण्याचा इतिहास (थ्रेड)

१/ बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेजवळचे बाजारगाव. सप्टेंबर २०२२ मध्ये अहिल्यानगर–न्यू आष्टी लोहमार्ग सुरू झाला आणि कडा रेल्वेच्या नकाशावर आले. मराठवाड्यातील अशा गावांत जुन्या माळवदांच्या जागी बंगले उभे राहतात, तेव्हा दिवाणखान्याला ॲल्युमिनियमच्या चौकटीतली सरकती काच येते. ती रात्री कशी राखावी, या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

२/ माळवदाच्या भिंती जाड असत. रस्त्याच्या बाजूस खिडकी क्वचितच. उजेड चौकातून आणि छतातील झरोक्यातून येई. वाड्याच्या मोठ्या दरवाजात छोटी दिंडी असे. येणाऱ्याला वाकून, डोके पुढे करून आत यावे लागे. दाराआड भिंतीतल्या खोबणीत दडलेला लाकडी दांडा रात्री ओढून पलीकडच्या खोबणीत बसवीत. हीच आगळ, हाच अडसर. दाराला बसलेला धक्का ती दोन्ही भिंतींवर वाटून देई.

३/ ‘आगळ’ हा शब्द संस्कृत ‘अर्गला’पासून आला. दुर्गा सप्तशतीच्या पाठाआधी कवच, अर्गला आणि कीलक म्हणतात. कवच म्हणजे चिलखत, अर्गला म्हणजे अडसर, कीलक म्हणजे खीळ. संरक्षणाची कल्पना करताना भाविकाच्या मनापुढे घराचे बंद दारच उभे राहिले.

४/ दार इतके भक्कम असल्यावर चोर भिंतीकडे वळे. ‘घरफोडी’ हा शब्द त्याची साक्ष देतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. भगदाडाचा आकार कोणता असावा यावर तो शास्त्रोक्त विचार करतो आणि मोजमापासाठी चक्क जानवे वापरतो. घरातला सर्वांत कच्चा भाग चोर आधी हेरतो, हे प्राचीन नाटककारालाही ठाऊक होते.

५/ तथापि मराठी मुलखात घराची खरी राखण दाराबाहेर होती. गावचा जागल्या रात्रभर पहारा करी. चोरी झाली की तो पावलांचा माग काढी. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला, तर पुढची जबाबदारी त्या गावावर पडे. माग पुढे नेता आला नाही, तर नुकसानीची भरपाई त्यांच्याकडून मागितली जाई. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीची दखल घेतली.

६/ या व्यवस्थेला भाबडेपणाने सुवर्णयुग म्हणता येत नाही. जागल्याचे काम बहुधा महार, रामोशी अशा समाजांवर जन्माने लादलेले होते. ज्यांच्या पहाऱ्यावर वाडा निर्धास्त झोपे, त्यांतल्या अनेकांना त्याच वाड्याचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती.

७/ इंग्रजी अमलात संशयालाही कायद्याचे रूप आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाखाही त्या कक्षेत आला. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातील वसाहती हे त्याचे स्वरूप. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला. तरी बीड–अहिल्यानगर पट्ट्यातील पारधी वस्त्यांकडे वळणारी संशयाची नजर अजून पुरती सरलेली नाही.

८/ दरम्यान सुरक्षितता बाजारात विकत मिळू लागली होती. १८९७ मध्ये आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईच्या लालबागेत कुलपांचा कारखाना काढला. शहरात सारेच अनोळखी. तिथे माग काढणारा जागल्या कुठून येणार? राखण गावाकडून घरमालकाच्या किल्लीकडे आली.

९/ मग काच आली. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये वितळलेल्या कथलावर काच तरंगवण्याची पद्धत जाहीर केली आणि मोठ्या, सपाट काचा स्वस्त झाल्या. सरकत्या दाराच्या दोन दुखऱ्या जागा आहेत. त्याचा आकडा हलका असतो. शिवाय बसवण्यासाठी वर मोकळी फट ठेवलेली असल्याने पल्ला उचलून रुळातून काढता येतो. वरच्या रुळात ठोकळा किंवा स्क्रू बसवला की उचलणे थांबते. सरकणारा पल्ला आतल्या रुळावर असेल, तर मागच्या मोकळ्या रुळात मापाचा दांडा आडवा ठेवला की सरकणे थांबते. टफन्ड काच फुटली तर पूर्ण ढासळते. दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच तडकूनही जागीच राहते.

१०/ रुळातला तो दांडा नीट पाहिला तर ओळखीचा वाटतो. ती आगळच आहे. भिंतीच्या खोबणीतून ती रुळात उतरली, एवढेच. जागल्या मात्र परतला नाही, आणि त्याचे जन्माने लादलेले ओझे परतूही नये. पण गल्लीत रात्री काच फुटल्याचा आवाज झाला, तर किती घरांचे दिवे लागतील? आगळ घरापुरती असते. गाव राखायचे, तर शेजाऱ्याला शेजारी ओळखीचा असावा लागतो.