पाण्याखालची निनावी जहाजे आणि माझगावचा किनारा

माझगाव हे पूर्वी मुंबईच्या सात बेटांपैकी एक स्वतंत्र बेट होते, ही गोष्ट आपल्या ज्ञातीतील तरुण पिढीस आज सांगावी लागते. १७७४ साली येथे एक लहानशी सुकी गोदी बांधण्यात आली आणि जहाजे बांधणे व दुरुस्त करणे हा या गावाचा धर्मच होऊन बसला. कोकणातून पोटासाठी आलेली आपली पुष्कळशी कुटुंबे याच किनाऱ्याच्या आधाराने स्थिरावली. कोणी खलाशी झाले, कोणी गोदीत फिटर झाले, तर कोणी दारूखान्यात जुनी जहाजे तोडणाऱ्या टोळीत शिरले. तेव्हा समुद्राच्या पोटात दडून राहणाऱ्या एका संकटाविषयी ज्ञातिबांधवांपुढे चार शब्द ठेवणे अप्रस्तुत होणार नाही, असे वाटते.

हे संकट म्हणजे उथळ पाण्यात बुडालेले जहाज होय. माझे वडील गोदीतून निवृत्त झालेले खलाशी. ते म्हणत, "खडक परवडला, तो आपली जागा सोडीत नाही आणि तांडेलाला तो ठाऊक असतो." या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. कुलाब्याच्या दक्षिणेस असलेल्या प्रॉंग्सच्या खडकावर १८७५ साली दीपगृह उभे राहिले आणि त्या खडकाची जागा रात्रीही दिसू लागली. बुडालेल्या जहाजावर मात्र कोणी दीपगृह बांधीत नाही. काल जेथे मोकळा मार्ग होता, तेथे आज लोखंडाचा डोंगर आडवा पडलेला असतो आणि वर पाणी मात्र शांत दिसते.

खोल समुद्रात बुडालेले जहाज वरून जाणाऱ्यास उपद्रव देत नाही. भय आहे ते उथळ पाण्याचे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो. भरतीच्या वेळी ज्यावरून होडी सुखरूप निघून जाते, त्याच सांगाड्यावर ओहोटीला तिचा तळ फाटू शकतो. म्हणूनच सागरी नकाशावरील खोली ही अगदी खालच्या ओहोटीच्या पाण्यापासून मोजून लिहिलेली असते. त्यातच प्रवाहाने सांगाडा कलतो, त्याच्याभोवती गाळ साचतो आणि मच्छीमारांची जाळी त्यात अडकून फाटतात.

या संकटाचे सर्वांत भीषण दर्शन माझगावकरांना आपल्या शेजारीच, व्हिक्टोरिया गोदीत, १४ एप्रिल १९४४ रोजी घडले. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज कराचीहून १२ एप्रिल रोजी येथे येऊन लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटक माल होता आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्याही भरलेल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहूनही मोठा. दहाहून अधिक जहाजे नष्ट झाली. 'जलपद्म' या जहाजाचा मागील भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावरील शेडवर आदळला. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. एकूण मृतांचा नेमका आकडा मात्र कधीच निश्चित होऊ शकला नाही. अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात.

आग विझली, पण बंदर बंद पडले. गोदीच्या पाण्यात जहाजांचे सांगाडे, तुळया आणि न फुटलेला दारूगोळा पडून होता. युद्ध चालू असल्याने गोदी मोकळी करणे अत्यावश्यक होते. सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबली आणि जवळजवळ पाच लाख टन ढिगारा हलविण्यात आला. माझे वडील त्या वेळी वीस वर्षांचे असून त्यांच्यापैकीच एक होते. होडीतून शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडावयाची, किती वाव पाणी आहे ते मोठ्याने सांगावयाचे आणि दोरी आकड्याआधीच ढिली पडली की पाणबुड्याला हाक द्यावयाची, असे त्यांचे काम असे. ते म्हणत, की या कामात एक गोष्ट सोयीची होती: कोणते जहाज कोठे बुडाले हे दप्तरी लिहिलेले होते.

नाव ठाऊक नसलेल्या जहाजाची गोष्ट निराळी. गोव्यात मार्मागोवा बंदराच्या तोंडाजवळ सुंची नावाचा खडक आहे. तेथे अवघ्या काही मीटर पाण्यात सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना मिळाले. त्यांत हस्तिदंत होते, चिनी मातीची भांडी होती. जवळच सेंट जॉर्ज खडकापाशी दुसरे एक जहाज सापडले. त्यातील कौलांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का आणि १८६५ हे साल होते. त्यावरून जहाज त्यानंतर केव्हा तरी बुडाले एवढे उमगले. जहाजाचे नाव मात्र कळले नाही. कौलाने आपले साल सांगितले, पण बुडालेल्या खलाशांविषयी सांगणारे कोणी उरले नाही.

निनावी जहाजाचा भार शेवटी बंदरावर पडतो. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यात अशी तरतूद होती, की मार्गात अडथळा आणणारे बुडालेले जहाज काढण्यास मालकाला नोटीस द्यावी, त्याने न काढल्यास बंदराच्या अधिकाऱ्याने ते काढावे आणि खर्च वसूल करावा. पण मालकच अज्ञात असेल तर नोटीस कोणास द्यावयाची?

जागा ठाऊक असूनही केवढा अनर्थ होतो, हे परदेशातील एका उदाहरणावरून दिसते. १४ डिसेंबर २००२ रोजी इंग्लिश खाडीत सुमारे २,९०० मोटारी घेऊन जाणारे 'ट्रायकलर' जहाज टक्कर होऊन उथळ पाण्यात बुडाले. पहाऱ्याची जहाजे होती, तरी दोनच दिवसांत 'निकोला' हे जहाज त्यावर आदळले आणि १ जानेवारी २००३ रोजी 'व्हिकी' हे तेलवाहू जहाजही आदळले. त्यानंतर नव्याने बुडालेल्या जहाजापाशी निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा बोया ठेवण्याची पद्धत २००६ पासून सुरू झाली.

आपल्याकडेही ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची मुंबई बंदराच्या मुखाशी टक्कर झाली. 'चित्रा' कलंडले आणि त्यावरील शेकडो कंटेनर समुद्रात पडले. पाण्याखाली कोणती पेटी कोठे आहे हे कळेपर्यंत मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. शिशाच्या दोरीचे काम आता ध्वनिलहरींची यंत्रे करतात. पण जागा शोधा, नोंद करा, खूण लावा, हा क्रम तोच आहे. बुडालेले जहाज काढण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा नैरोबीचा आंतरराष्ट्रीय करार १४ एप्रिल २०१५ रोजी अमलात आला. तारीख आपल्या स्फोटाचीच, हा एक योगायोग.

व्हिक्टोरिया गोदी आता भराव घालून बुजविण्यात आली आहे. जेथे माझ्या वडिलांनी दोरी सोडली, तेथे आज पाणीच नाही. अग्निशमन दलाच्या हुतात्म्यांना दरवर्षी १४ एप्रिल रोजी मानवंदना दिली जाते, आणि ते योग्यच आहे. 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली; तिचे नाव कोकणातील घराघरांत आजही घेतले जाते. परंतु सात महिने गाळात उभ्या राहिलेल्या त्या आठ हजारांत आपल्या ज्ञातीचे किती जण होते?

हे सांगण्यास मी स्वतःच अपुरा पडतो. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण वडिलांना त्यांच्या होडीतील सोबत्यांची नावे विचारण्याचे सुचले नाही. १९९१ साली ते वारले आणि ती नावे त्यांच्याबरोबर गेली. ही चूक माझी आहे आणि ती आता सुधारता येणार नाही.

म्हणून सर्व ज्ञातिबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे, की ज्यांच्या घरी गोदीत किंवा बोटीवर काम केलेले वडीलधारे असतील, त्यांनी त्यांच्यापाशी बसून नाव, गाव, जहाज, काम आणि साल एवढे पाच शब्द तरी लिहून घ्यावेत आणि ती कागदे ज्ञातीच्या दप्तरी द्यावीत. पुढील वर्षीच्या अंकात ती नावे छापलेली पाहण्याचे भाग्य मला लाभो.