खालचा सूर

परवा वडिलांनी विचारलंच, "रोज ते ढुम ढुम करत बसतोस, पण त्यात गाणं कुठंय?"

प्रश्न रास्त होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी चाकणची शिफ्ट संपवून राजगुरुनगरला घरी यायचं, जेवायचं आणि सेकंडहँड बास गिटार मांडीवर घेऊन जॅझ शिकायचं, हा उद्योग सहा महिने चाललाय. जाडीकडून बारकीकडे चार तारा: ई, ए, डी, जी. बोटांना घट्टे पडले. आणि वाजवायचं काय, तर दर मात्रेला एक सूर! याला 'वॉकिंग बास' म्हणतात. पहिल्या मात्रेवर बहुतेक वेळा कॉर्डचा मूळ सूर, चौथीवर पुढच्या कॉर्डकडे नेणारा. बारा बारचं ब्लूज म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तनच. नवव्या बारला कॉर्ड बदलते आणि माझी गाडी हमखास घसरते.

वडिलांना जॅझ काय सांगणार? म्हणून त्यांच्या आवडीचा 'अलबेला' लावला. १९५१चा सिनेमा. भगवानदादा आणि गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं. त्यात पडद्यावर जो बँड दिसतो तो चिक चॉकलेटचा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

आता अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं हे संगीत हळदोण्याच्या माणसापर्यंत आलं कसं? १९३५मध्ये लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याच्या वादकांनी त्यांना ऐकलं, काहींनी त्यांच्याबरोबर वाजवलं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना नोटेशन वाचायला शिकवत, त्यामुळे लिहिलेलं वाजवणं त्यांच्या हातचा मळ होता. जॅझची लय मात्र कानानेच घ्यावी लागली.

पुढे १९४७ला इंग्रज गेले, संस्थानिकांचा दौलतजादा आटला, मुंबईत दारूबंदी आली. हॉटेलांतल्या रात्री फिक्या पडल्या आणि ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओंकडे जास्त वळली. संगीतकार चाल सांगणार, आणि गोव्याचा अरेंजर प्रत्येक वाद्याचा कागद लिहिणार. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सबॅस्टियन डिसूझा करत. तबकडीवर नावं छापली जात ती गायकाची आणि संगीतकाराची. मागे बसून खालचा सूर धरणाऱ्याचं नाव तिथे नसायचं.

गंमत म्हणजे १९५१लाच अमेरिकेत लिओ फेंडरने आपला पहिला इलेक्ट्रिक बास बाजारात आणला. त्याआधी बास म्हणजे प्रामुख्याने माणसाहून उंच लाकडी डबल बास, बसमधून नेणं अशक्यच. माझ्या मांडीवरचं वाद्य त्या फेंडरच्याच वंशातलं.

हे सगळं मी उत्साहाने सांगून टाकलं. वडील शांतपणे ऐकत होते. किती ऐकू आलं देव जाणे! उतारवयात आधी वरचे आवाज जातात. त्यांना टाळ नीट ऐकू येईना, तेव्हा भजनी मंडळात पखवाज धरणं त्यांनी सोडलं. दोन वर्षं झाली. कोणाला बोलले नाहीत, एकादशीला फक्त लवकर झोपतात.

मग म्हणाले, "पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतो ना, ती कोणाला दिसते? पण वाळून पडली की सगळ्या मंडळाला कळतं. तुझं ते कणकेचं काम आहे. वाजव बघू."

मी वाजवायला लागलो. त्यांनी तळहात बासच्या लाकडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरला. आठव्या बारपर्यंत सगळं ठीक होतं. नवव्याला मी घसरलो.

"धावू नकोस," ते म्हणाले. "समेवर ये. मी आहे इथं."

पुन्हा पहिल्यापासून धरलं. बाराही बार पूर्ण झाले, सहा महिन्यांत पहिल्यांदा.

असो. उद्या एकादशी आहे. पखवाजावरची धूळ मी आज पुसून ठेवली आहे. बघू या.