वैलावरची वीज

कोकणातली जुनी चूल सहसा एकटी नसे. तिला आतून जोडलेले दुसरे, लहान तोंड असे; ते वैल. लाकडे चुलीत सारायची आणि तिच्यातून पुढे सरकलेल्या धगीवर वैलाचे काम भागवायचे, अशी ही वाटणी होती. भात चुलीवर, दूध किंवा आमटी वैलावर. आज रत्नागिरीच्या बाजारात विजेची सुटी शेगडी घ्यायला निघालेले गिऱ्हाईक आधी किंमत आणि वॉट विचारते. पण या शेगडीचे कूळ शोधू गेले तर ते चुलीपेक्षा वैलाशी जुळते, आणि वैलाचे काम नेमून दिले तरच तिची निवड नीट होते.

याचा पहिला पुरावा रॉकेलच्या स्टोव्हचा. स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ मध्ये प्रायमस बनवला आणि त्या जातीचे पंपाचे स्टोव्ह पुढे जगभर गेले. मुंबईच्या चाळीतल्या खोलीत चूल मांडायला जागा नव्हती, सरपण विकत घ्यावे लागे. तिथे स्टोव्ह हाच अनेक चाकरमान्यांचा संसार झाला. त्याच चाकरमान्यांच्या गावच्या घरात मात्र स्टोव्ह चुलीच्या शेजारी बसला. परसातल्या माडांची चुडते, सोडणे, करवंट्या फुकट होती आणि रॉकेल रेशनच्या रांगेत मिळे. म्हणून गावात तो सकाळच्या चहापुरता किंवा अवेळी आलेल्या पाहुण्यापुरता पेटे. वस्तू एकच, पण मुंबईत ती चूल झाली आणि गावात वैल. तिची जागा यंत्राने ठरवली नाही, जळणाने ठरवली.

यावर कोणी म्हणेल की हे गरिबीचे दिवस होते. वीज मुबलक झाली की वैलाचीच चूल होईल. मुबलकतेचे म्हणाल तर रत्नागिरी जिल्ह्याइतकी साक्ष कोण देणार? कोयनेचे पाणी सह्याद्रीतून खाली उतरवून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला १९६० च्या दशकापासून वीज तयार होते. पुढे गुहागर तालुक्यात दाभोळचा प्रकल्प आला, जयगडला १२०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. पण शेगडी मेगावॉटवर तापत नाही, घरापर्यंत आलेल्या शेवटच्या तारेवर तापते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पावसाळ्यात सरपणही भिजते, हे खरेच. पण चुलीची अडचण वेगळी, विजेची वेगळी. दोन्ही घरात असल्या तर एक दुसरीला सांभाळून घेते. दोन तोंडे ठेवण्यामागे मागासपणा नव्हता, हिशेब होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फुंकणी ज्यांच्या हाती कधी आली नाही त्यांनी चुलीचे गोडवे गाऊ नयेत. धूर बाईच्या छातीत जातो. हे मान्य करायलाच हवे, आणि म्हणूनच रोजचा मुख्य स्वयंपाक गॅसवर गेला ते चांगलेच झाले. पण गॅस आला तरी शेजारच्या तोंडाची गरज सरली नाही. सिलिंडर संपतो, किंवा एकीकडे भात शिजत असताना दुसरीकडे दूध तापवायचे असते. त्या जागेसाठी शेगडी घेताना पाहायचे ते घरातले भांडे आणि भिंतीतले वायरिंग. इंडक्शनला चुंबक चिकटेल असा सपाटच तळ लागतो. घावनांचा बिडाचा तवा सपाट असेल तर चालतो, पण ॲल्युमिनियमचा टोप किंवा पितळी पातेले तिथे थंडच राहते. ती भांडी रोजची असतील तर इन्फ्रारेड शेगडी बरी. शिवाय २००० वॉटची शेगडी सुमारे ९ अँपिअर ओढते. दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर ती लावू नये. आणि तांदळाची भाकरी फुगवायला उघडा जाळ किंवा निखाऱ्यांचा आहार लागतो, तो इंडक्शनच्या काचेवर मिळत नाही. म्हणून सुटी शेगडी आणली तरी जाळाचे तोंड मोडू नये.